किशोर रॅट, प्रौढ रॅट, इथेनॉल आणि अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन : वॉटर मेझचा आराखडा तपासून हवा

रावपुरा_फार्मा

नमस्कार मंडळी. बडोद्यात एम.फार्म. फार्माकॉलॉजीच्या प्रबंधाचा आराखडा करतोय. विषय असा : दारूमुळे जागेची स्मृती बिघडते त्यात वयाप्रमाणे काय फरक पडतो, आणि मेंदूतल्या न्यूरोस्टिरॉइडचा (मेंदूच्या पेशींवर काम करणारी स्टिरॉइडं, इथे मुख्यतः अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन) त्यात किती हात आहे. प्राणी प्रयोग समितीकडे फॉर्म बी जाण्याआधी जाणकारांनी एकदा डोळ्यांखालून घालावा ही विनंती.

विस्टार जातीचे नर रॅट. किशोर गट पी-३० (जन्मानंतरचा ३०वा दिवस) पासून, प्रौढ गट पी-७० पासून. प्रत्येक वयात चार गट : सलाइन, इथेनॉल, फिनास्टराइड (हे स्टिरॉइड बनणं अडवणारं औषध), फिनास्टराइड अधिक इथेनॉल. गटात १०, म्हणजे एकूण ८० प्राणी. इथेनॉल १.५ ग्रॅम प्रति किलो, पोटात टोचून, ट्रायलच्या ३० मिनिटं आधी. मॉरिस वॉटर मेझ (हौदात पाण्याखाली लपलेला प्लॅटफॉर्म शोधायची चाचणी), रोज ४ ट्रायल, ५ दिवस, सहाव्या दिवशी प्रोब (प्लॅटफॉर्म काढून आठवण तपासणं).

शंका अशा. एक, काही शोधनिबंध म्हणतात किशोर जास्त बिघडतात, काही उलट. खरं काय धरायचं? दोन, फिनास्टराइडनं परिणाम थांबला तर ‘अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोनमुळेच झालं’ असं लिहिता येईल का? तीन, काम मे-जूनमध्ये पडणार, टाकीचं पाणी तेव्हा तापलेलं असतं. चार, इथेनॉल २० टक्के म्हणजे नेमकं कुठलं २० टक्के?

सुरसागर_न्यूरो

पहिल्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे.

लहान वयात दारू जास्त बाधते की कमी, असं सरसकट विचारलं की उत्तर हमखास चुकतं. कुठला परिणाम ते आधी सांगा. झोप आणि तोल या बाबतीत किशोर रॅट प्रौढांपेक्षा चिवट असतात. मोठ्या डोसनं उताणा पडलेला किशोर लवकर पालथा होतो, आणि होतो त्या क्षणी त्याच्या मेंदूतलं अल्कोहोल प्रौढापेक्षा जास्त भरतं. म्हणजे तो दारू लवकर पचवतो एवढंच कारण नाही, त्याच्या मेंदूवरच ती कमी गुंगी आणते.

हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या स्मृतीच्या भागात, चित्र उलटं. स्वार्ट्झवेल्डर यांच्या गटानं १९९५ मध्ये मेंदूच्या कापांवर दाखवलं की लहान रॅटच्या हिप्पोकॅम्पसमधली एलटीपी (शिकताना पेशींमधला जोड बळकट होणं) इथेनॉलनं प्रौढापेक्षा जास्त दबते, आणि एनएमडीए रिसेप्टरवाटे (शिकण्याला लागणारा उत्तेजक रिसेप्टर) येणारा प्रतिसादही तसाच जास्त दबतो. १९९८ मध्ये याच गटानं वॉटर मेझ वापरून दाखवलं की प्रौढांचं शिकणं फारसं अडत नाही अशा डोसवरही किशोरांचं जागा शिकणं अडतं. ‘किशोर जास्त बिघडतात’ हे वाक्य मुख्यतः इथून आलं. पण ते प्रत्येक मांडणीत पुन्हा मिळालेलं नाही, आणि त्याची कारणं बहुधा मांडणीतच असतात.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे इंजेक्शनची वेळ. रोज शिकवण्याआधी इथेनॉल दिलंत तर तुम्ही शिकणं मोजता. आधी नशेविना पूर्ण शिकवून फक्त प्रोबच्या आधी दिलंत तर आठवणं मोजता. ट्रायल संपल्यावर दिलंत तर स्मृती पक्की होणं मोजता. या तिन्हींत मेंदूचं काम वेगळं आणि वयाचा फरकही वेगळा निघू शकतो. तुमच्या आराखड्यात शिकताना इथेनॉल आहे, पण प्रोबच्या दिवशी काय द्यायचं ते लिहिलेलंच नाही. नशेत शिकलेलं नशेशिवाय आठवत नाही असंही होतं, त्यामुळे प्रोबला सलाइन दिलंत आणि कामगिरी घसरली तर ती शिकण्यातली खोट की अवस्था बदलल्याचा परिणाम, हे सांगता येणार नाही. गटाचे दोन भाग करा, निम्म्यांना प्रोबला इथेनॉल, निम्म्यांना सलाइन. प्राणी वाढतील, पण निष्कर्षाला पाय मिळतील.

दुसरं, ‘किशोर’ हा एक गट नाही. नर रॅटमध्ये लिंगाग्राची त्वचा सुटी होते ती साधारण पी-४० ते ४५ दरम्यान. मादीत योनिद्वार उघडतं ते त्याच्या आधी, पी-३५ च्या आसपास. तुमचे पी-३० चे नर प्रोबपर्यंत पी-३५ ला पोहोचतील, म्हणजे वयात येण्याच्या अलीकडेच राहतील. हे चांगलंच आहे, फक्त फॉर्ममध्ये स्पष्ट लिहा आणि प्रत्येक प्राण्याची खूण रोज तपासून नोंदवा.

हा बारकावा का महत्त्वाचा, तर शेरिल स्मिथ यांच्या गटाचं माइसवरचं (लहान उंदरांवरचं) काम बघा. वयात येताना मादी माइसच्या हिप्पोकॅम्पसच्या सीए-१ भागात अल्फा-४-बीटा-डेल्टा प्रकारचे गाबा-ए रिसेप्टर (पेशी शांत करणारे) खूप वाढतात. त्यातून सतत झिरपणारा प्रतिबंध एलटीपी अडवतो आणि त्या वयात जागा शिकणं मंदावतं. अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन एरवी गाबाचा जोर वाढवतं, पण या रिसेप्टरवर, क्लोराइडचा प्रवाह त्या पेशीत ज्या दिशेनं असतो त्या दिशेत, ते प्रवाह कमी करतं. त्यामुळे वयात येणाऱ्या मादीत तेच स्टिरॉइड दिल्यावर शिकणं सुधारलं. २००७ आणि २०१० मधले हे निबंध. प्रौढात अडवणारा रेणू वयात येताना मदत करतो, ही या विषयातली सगळ्यात विलक्षण गोष्ट आहे. आणि म्हणूनच पी-३० ते पी-५० सगळे एका पिंजऱ्यात ‘किशोर’ म्हणून घातले की सरासरीत सगळं धुऊन निघतं.

मांडवी_प्राणिगृह

पाण्याचं मी सांगते. आराखड्यात हौदाचं एकही माप नाही, आणि समिती पहिलं तेच विचारेल.

रॅटसाठी हौद १५० ते १८० सें.मी. व्यासाचा, पाणी ३० सें.मी. खोल. प्लॅटफॉर्म १० ते १२ सें.मी. रुंद, पाण्याखाली १.५ ते २ सें.मी. पाण्याचं तापमान २५ अंश, एखादा अंश इकडेतिकडे. ट्रायल ६० सेकंदांची. सापडलं नाही तर हातानं प्लॅटफॉर्मकडे न्यायचं आणि १५ ते २० सेकंद वर बसू द्यायचं. ही बसायची वेळ प्रत्येकाला सारखी द्या. भिंतीवरच्या खुणा बघायला मिळतात त्या त्याच वेळात.

मे महिन्यात टाकीचं पाणी ३२ अंश असेल असं धरू. १५० सें.मी. व्यास आणि ३० सें.मी. खोली म्हणजे सुमारे ५३० लिटर. ते २५ वर आणायला ३३ ते ३५ किलो बर्फ लागतो. गंमत पुढे आहे : हौद आधी पूर्ण भरून मग बर्फ टाकलात तर पाणी जवळजवळ २ सें.मी. वर चढतं आणि १.५ वर ठेवलेला प्लॅटफॉर्म साडेतीनवर जातो. पी-३० चं पिल्लू मग त्याच्यावरून पोहत जातं आणि त्याला पायाला काही लागतच नाही. म्हणून ४९५ लिटर भरा, बर्फ पूर्ण विरघळू द्या, ढवळा, मग तापमान आणि प्लॅटफॉर्मवरचं पाणी दोन्ही पट्टीनं मोजा. रोज सकाळी आणि मधल्या वेळी एकदा. बंद पिशव्यांत बर्फ ठेवून पिशव्या बाहेर काढल्या तर पातळीचा प्रश्न येत नाही, पण वेळ जास्त लागतो.

२९-३० अंशांवर काय होतं? रॅट आरामात तरंगतात. बाहेर पडायची घाईच नाही. मग सलाइन गटाचा वेळ वाढतो आणि इथेनॉलचा फरक झाकला जातो. उलट २० अंशांवर छोटी पिल्लं गारठतात. इथेनॉलनं अंगाचं तापमान तसंही उतरतं, आणि १०० ग्रॅमचं पिल्लू २८० ग्रॅमच्या प्रौढापेक्षा फार लवकर थंड होतं. चार ट्रायल लागोपाठ घेतल्या तर चौथ्या ट्रायलला तुम्ही स्मृती मोजत नसून थंडी मोजता. दोन ट्रायलमध्ये निदान १० मिनिटं ठेवा, कोरड्या पंच्यानं टिपा, पिंजरा दिव्याखाली ठेवा आणि काही प्राण्यांचं गुदद्वारातलं तापमान पहिल्या ट्रायलच्या आधी आणि शेवटच्या ट्रायलनंतर घ्या. दोन्ही वयांत किती उतरलं ते तक्त्यात द्या. परीक्षक यावरच बोट ठेवतात.

विस्टार पांढरे, त्यामुळे पाणी दुधाळ केलंत तर कॅमेऱ्याला प्राणी दिसणार नाही. हौद आतून काळा आणि पाण्यात बिनविषारी काळा पोस्टर रंग. दुधाची पावडर तर उन्हाळ्यात अजिबात नको, दुसऱ्या दिवशी वास मारते आणि वासाचा माग लागून प्राणी जागा शोधतात. आणखी एक, पांढऱ्या जातीची नजर अधू असते. भिंतीवरच्या खुणा मोठ्या हव्यात, अर्ध्या मीटरच्या आसपास, काळ्या-पांढऱ्या, आकारानं एकमेकींपासून वेगळ्या. बारीक चित्रं लावून उपयोग नाही. दिवा पाण्यात चमकणार नाही असा, भिंतीकडे वळवून. प्रयोग करणारी व्यक्ती हीसुद्धा एक खूण असते, तेव्हा रोज एकाच जागी उभं राहायचं किंवा पडद्याआड.

प्लॅटफॉर्मपर्यंतचा वेळ हे एकमेव माप ठेवू नका. पिल्लं हळू पोहतात. अंतर मोजा, वेग मोजा, आणि काठाकाठानं फिरण्यात किती वेळ गेला तेही मोजा. प्रोबमध्ये प्लॅटफॉर्म होता त्या पाव भागात घालवलेला वेळ बघतातच, नुसत्या योगायोगानं तो २५ टक्के येतो. पण प्लॅटफॉर्मच्या जागेपासूनचं सरासरी अंतर जास्त तिखट माप आहे, तेही काढा.

आणि झेंडा लावलेल्या प्लॅटफॉर्मची चाचणी आराखड्यात का नाही? ती नसेल तर बाकी सगळं वाया आहे, हे मी मनापासून सांगते. त्याच डोसवर, तेवढ्याच मिनिटांनी, हौदाभोवती पडदा लावून, झेंडा दर ट्रायलला वेगळ्या जागी. दोन्ही वयांचे इथेनॉल गट झेंड्यापर्यंत सलाइन गटाइतकेच नीट पोहोचले, तरच लपलेल्या प्लॅटफॉर्मवरचा फरक स्मृतीचा. झेंड्यालाही उशीर झाला तर तो पोहण्याचा, नजरेचा किंवा इच्छेचा प्रश्न.

जाळी हातात घेऊन एक माणूस हौदाशी कायम उभा हवा. इथेनॉल दिलेला प्राणी बुडू शकतो. किती सेकंद तोंड पाण्याखाली गेलं की बाहेर काढायचं हा निकष आधीच लिहून ठेवा.

दांडियाबाजार

चौथी शंका. वजनाचे टक्के आणि आकारमानाचे टक्के यांत गल्लत झाली की पूर्ण प्रबंधाचा डोस चुकतो, आणि छापून आलेल्या निबंधांतही कित्येकदा नुसतं ‘२० टक्के’ लिहिलेलं असतं.

इथेनॉलची घनता ०.७८९. आकारमानानं २० टक्के म्हणजे १ मि.ली.मध्ये ०.१५८ ग्रॅम. वजनानं २० टक्के म्हणजे १ मि.ली.मध्ये ०.२ ग्रॅम. १.५ ग्रॅम प्रति किलोसाठी पहिल्याचे ९.५ मि.ली. प्रति किलो लागतात, दुसऱ्याचे ७.५. द्रावण आकारमानानं केलं आणि हिशेब वजनाच्या टक्क्यानं, तर प्राण्याला १.५ ऐवजी १.१८ मिळतात, एकपंचमांशाहून जास्त कमी. तुमच्या विषयात १ आणि १.५ यांच्यामध्येच वयाचा फरक उघडा पडण्याची शक्यता आहे, तेव्हा ही चूक परवडणारी नाही.

वजनाचाच हिशेब ठेवा. शुद्ध इथेनॉल २५.३ मि.ली. म्हणजे २० ग्रॅम. मोजपात्रात घ्या, सलाइन घालत १०० च्या खुणेपर्यंत आणा. ७४.७ मि.ली. सलाइन वेगळं मोजून ओतू नका, दोन्ही मिसळल्यावर एकूण आकारमान आक्रसतं. मिसळताना द्रावण तापतं, खोलीच्या तापमानाला आलं की पुन्हा खुणेपर्यंत भरा. बाटली घट्ट बंद, आणि रोज ताजं करणं उत्तम, कारण बडोद्याच्या मे महिन्यात झाकण उघडं राहिलं की टक्केवारी उतरते. २० टक्क्यांच्या वर जाऊ नका, पोटाच्या आतल्या आवरणाला जळजळ होते आणि दुखण्यानं वागणूक बदलते. ९५ टक्क्यांचं वापरणार असाल तर हिशेब त्याप्रमाणे बदला. डीनेचर्ड स्पिरिट कधीच नाही, त्यात मिथेनॉल किंवा इतर विष मिसळलेलं असतं.

११० ग्रॅमच्या पिल्लाला ०.८३ मि.ली., २८० ग्रॅमच्या प्रौढाला २.१ मि.ली. सलाइन गटालाही किलोमागे तेवढंच आकारमान द्या. पिल्लांचं वजन या वयात रोज वाढतं, तेव्हा वजन रोज सकाळी घ्यायचं, सोमवारचं वजन शुक्रवारी चालत नाही.

डोस सारखा म्हणजे रक्तातलं अल्कोहोल सारखं, असं धरू नका. शेपटीतून थोडं रक्त घेऊन ३० मिनिटांनी आणि शेवटच्या ट्रायलनंतर मोजा. ही मोजणी वेगळ्या, छोट्या गटावर करा, नाहीतर सुईचा ताण मुख्य गटात शिरतो. आकडे मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटरमध्ये द्या. कापांवरच्या निबंधांत मिलिमोलर असतं, त्याला ४.६ नं गुणलं की जमतं : २० मिलिमोलर म्हणजे ९२, ६० मिलिमोलर म्हणजे २७६. आपल्याकडे गाडी चालवण्याची मर्यादा ३० आहे, त्यावरून अंदाज येईल.

गुजरातमध्ये दारूबंदी, त्यामुळे शुद्ध इथेनॉल संस्थेच्या परवान्यावरच मिळतं. परवाना मार्गदर्शकाच्या नावानं आहे की संस्थेच्या, साठा कोणाच्या कुलपात राहतो, हे आजच विचारून घ्या. तुमच्या आराखड्याला लागतं किती? इथेनॉलचे गट दोन्ही वयांचे मिळून ४० प्राणी, ५ दिवस, प्रौढाला दर वेळी सुमारे ०.५३ मि.ली. शुद्ध इथेनॉल आणि पिल्लाला ०.२१. एकूण ७४ मि.ली. रोज ताजं द्रावण करताना जे वाया जातं ते आणि प्रोबचं धरून २५० मि.ली. मागा. नोंदवहीत तारीख, काढलेलं, वापरलेलं, ओतून टाकलेलं, उरलेलं, सही. तपासणीला आले की वही आणि बाटली जुळलीच पाहिजे.

रावपुरा_फार्मा

खूप आभार. झेंड्याची चाचणी आणि प्रोबचे दोन भाग आराखड्यात घेतो. फिनास्टराइडबद्दल अजून कोणी बोललं नाही. शिवाय एक वाचलं की नुसत्या पोहण्यानंही अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन वाढतं. मग वॉटर मेझ या प्रश्नाला चालेल तरी का?

सुरसागर_न्यूरो

बरोबर जागी आलात. १९९१ मध्ये पर्डी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रॅटला पोहण्याचा ताण दिला की काही मिनिटांत मेंदूत अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन चढतं. आणि इथेनॉलनंही चढतं : २ ग्रॅम प्रति किलोनंतर मेंदूच्या कॉर्टेक्समध्ये ते साधारण तासाभराच्या आसपास शिखरावर असतं. म्हणजे तुमच्या सलाइन गटात ताणाचं स्टिरॉइड, इथेनॉल गटात ताणाचं अधिक दारूचं. दोन गटांतला फरक मग तुम्हाला वाटतो त्याहून लहान दिसणार.

वेळेचं बघा. इंजेक्शननंतर ३० मिनिटांनी पहिली ट्रायल, आणि दोन ट्रायलमध्ये १० मिनिटं धरली तर चौथी साधारण ६० ते ६५ मिनिटांनी. पहिल्या ट्रायलला रक्तातलं अल्कोहोल शिखराजवळ आणि स्टिरॉइड अजून चढतंय. चौथ्या ट्रायलला अल्कोहोल उतरणीला आणि स्टिरॉइड भरात. चारही ट्रायलची सरासरी काढली की दोन वेगळे परिणाम एका आकड्यात गोठतात. ट्रायलवार आलेख काढा. फिनास्टराइडचा फरक शेवटच्या ट्रायलमध्ये जास्त आणि पहिलीत कमी दिसला तर ती तुमच्या कल्पनेच्या बाजूची खरी साक्ष.

वेळ किती कडक असते याचं उदाहरण : स्वीडनमधल्या उमेओच्या गटानं २००२ मध्ये रॅटला शिरेतून अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन २ मि.ग्रॅ. प्रति किलो दिलं. ८ मिनिटांनी पोहायला सोडलेले शिकू शकले नाहीत, २० मिनिटांनी सोडलेले शिकले. बारा मिनिटांचा फरक. थेट अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोनचा गट ठेवणार असाल तर एका वेळी दोनपेक्षा जास्त प्राणी हाती घेऊ नका, रांग लागली की शेवटच्याचा परिणाम निघून गेलेला असतो. ते पाण्यात विरघळत नाही. हायड्रॉक्सिप्रोपिल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनच्या द्रावणात रात्रभर ढवळावं लागतं. द्रावण काचेसारखं स्वच्छ दिसलं पाहिजे. गढूळ असेल तर कण तरंगताहेत आणि डोस अंदाजपंचे. नियंत्रण गटाला तेच सायक्लोडेक्स्ट्रिन द्या, नुसतं सलाइन चालणार नाही.

आता फिनास्टराइड. ते ५-अल्फा रिडक्टेज बंद करतं, म्हणजे प्रोजेस्टेरॉनपासून डायहायड्रोप्रोजेस्टेरॉन आणि पुढे अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन बनण्याची वाट पहिल्याच पायरीवर अडते. पण तीच पायरी टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी (नराच्या वाढीचं संप्रेरक) आणि डीऑक्सिकॉर्टिकोस्टेरॉनपासून टीएचडीओसी बनवते. टीएचडीओसीसुद्धा ताणात वाढतं आणि गाबा-ए वर तसंच काम करतं. म्हणून ‘अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोनमुळेच’ असं लिहिता येणार नाही, ‘५-अल्फा घटलेल्या न्यूरोस्टिरॉइडमुळे’ एवढंच. अजून एक पाऊल पुढे जायचं असेल तर फिनास्टराइड अधिक इथेनॉल गटाला बाहेरून अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन देऊन बिघाड परत येतो का ते बघा. परत आला तर वाक्य बरंच पक्कं होतं. शिवाय वयात येणाऱ्या नरात डीएचटी अडवणं म्हणजे वयात येणंच अडवणं, तेव्हा किशोर गटाला ते दिवसेंदिवस देऊ नका, जमेल तितके कमी डोस.

याला आधार आहे का, तर आहे. इझुमी, झोरुम्स्की आणि तोकुदा यांच्या कापांवरच्या कामात ६० मिलिमोलर इथेनॉलनं एलटीपी थांबली, आणि फिनास्टराइड आधी दिल्यावर ती थांबली नाही. हे स्टिरॉइड हिप्पोकॅम्पसच्या पिरॅमिडल पेशींतच बनताना दिसलं. दुसरीकडे, जिवंत रॅटची अ‍ॅड्रीनल ग्रंथी काढली की इथेनॉलनंतर मेंदूत अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन चढत नाही. म्हणजे ग्रंथीतून येणारं आणि जागेवर बनणारं, दोन्ही वाटा आहेत. कुठल्या वयात कुठली वाट मोठी, हा तुमच्या प्रबंधाचा खरा गाभा होऊ शकतो, आणि तो करण्याजोगा आहे.

हौद चालेल, पण त्याच्या जोडीला दोन गोष्टी हव्यात. एक, प्लॅटफॉर्म नसलेल्या हौदात तेवढाच वेळ पोहलेला गट आणि पिंजऱ्यातून न काढलेला गट, दोन्हींचं मेंदूतलं स्टिरॉइड मोजा. दुसरी, पोहणं नसलेली एक चाचणी. वस्तूची जागा ओळखण्याची चाचणी सगळ्यात साधी : चौकोनी खोक्यात दोन सारख्या वस्तू, ५ मिनिटं फिरू द्यायचं, काही वेळानं एक वस्तू हलवून पुन्हा सोडायचं, हललेल्या वस्तूशी किती वेळ घालवला ते मोजायचं. ताण कमी, थंडी नाही, बुडण्याची भीती नाही. इथेनॉलचा परिणाम पाण्यात दिसतो आणि इथे दिसत नाही, असं निघालं तर तेही मोठं उत्तर आहे.

स्टिरॉइड मोजायला प्रतिपिंडांवर चालणाऱ्या साध्या एलायझा किटवर विसंबू नका. ३-अल्फा-५-अल्फा आणि ३-अल्फा-५-बीटा ही भावंडं प्रतिपिंडाला सारखीच दिसतात. मास स्पेक्ट्रोमीटर असलेल्या प्रयोगशाळेशी आधी बोलून ठेवा, किती मि.ग्रॅ. ऊती लागते ते विचारा. पिंजऱ्यातून काढल्यापासून मेंदू बर्फावर जाईपर्यंतचा वेळ प्रत्येकाचा सारखा आणि कमीत कमी ठेवा, नाहीतर तुम्ही पकडापकडीचा ताणच मोजाल. यासाठी आधीचा आठवडाभर रोज हाताळणी आणि सलाइनची खोटी इंजेक्शनं.

फतेगंज_जुनाजाणता

एक पुरवणी. किशोर आणि प्रौढ यांच्यापुढे तिसरं वयही आहे आणि ते कोणी आराखड्यात घेत नाही. म्हाताऱ्या रॅटमध्ये न्यूरोस्टिरॉइडची गोष्ट फिरते. १९९७ मध्ये व्हाले आणि सहकाऱ्यांनी २४ महिन्यांच्या रॅटमध्ये दाखवलं की हिप्पोकॅम्पसमध्ये प्रेग्नेनोलोन सल्फेट जितकं कमी, तितकी वॉटर मेझमधली कामगिरी वाईट. आणि ते बाहेरून दिल्यावर काही काळ स्मृती सुधारली. प्रेग्नेनोलोन सल्फेट अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोनच्या उलट वागतं, गाबा-ए दाबतं आणि एनएमडीएला बळ देतं. म्हाताऱ्या मेंदूत हा तोल आधीच कललेला असतो आणि त्यावर इथेनॉल पडतं.

पण एम.फार्म.च्या मुदतीत २४ महिन्यांचे रॅट मिळणं अवघड, आणि मिळाले तरी पांढऱ्या जातीत त्या वयात डोळे इतके खराब असतात की निम्मे प्राणी झेंड्यालाच नापास होतात. तेव्हा आत्ता दोनच वयं ठेवा, चर्चेत तिसऱ्याचा उल्लेख करा.

पिल्लांबद्दल मात्र ऐका. बाहेरून मागवलेली पी-२३ ची पिल्लं प्रवासाचा ताण घेऊन येतात आणि आठवडाभर स्थिरावू दिलं की पी-३० उजाडलेलंच असतं, हाताळणीला दिवस उरत नाहीत. आपल्याच प्राणिगृहात पैदास करा. जन्मतारीख त्याच दिवशी नोंदवा. आणि एका विणीतलं एकच पिल्लू एका गटात. सख्खी भावंडं एकाच गटात घातली तर १० प्राणी कागदावर १० असतात, संख्याशास्त्रात तीन-चारच.

रावपुरा_फार्मा

शेवटचे दोन प्रश्न. फिनास्टराइडच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून आणून कुटून वापरल्या तर? आणि तोंडी परीक्षेत ‘माणसात हे लागू आहे का’ असं विचारलं तर किती बोलावं?

दांडियाबाजार

गोळ्या नकोत. ५ मि.ग्रॅ.च्या गोळीत औषध थोडं आणि भर जास्त. रॅटमध्ये सर्रास वापरला जाणारा डोस ५० मि.ग्रॅ. प्रति किलो, त्वचेखाली. म्हणजे २८० ग्रॅमच्या एका प्राण्याला १४ मि.ग्रॅ., जवळजवळ तीन गोळ्यांचा चुरा. तो चुरा त्वचेखाली टोचला तर गाठी होतात. शुद्ध पावडर विश्लेषणाच्या दाखल्यासह घ्या. तेही पाण्यात विरघळत नाही, अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोनसाठी केलेलं सायक्लोडेक्स्ट्रिनच वापरा म्हणजे नियंत्रण गट एकच पुरेल. पावडर हाताळताना हातमोजे आणि मास्क; गरोदर किंवा तशी शक्यता असलेल्या सहकारी बाईंना हे काम देऊ नका, पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीला धोका असतो. ही ओळ फॉर्ममध्येही घाला.

सुरसागर_न्यूरो

माणसाबद्दल मोजकं बोला, पण ठाम. १९९८ मध्ये २१ ते २४ आणि २५ ते २९ वयाच्या लोकांना दारू देऊन स्मृती तपासली, तेव्हा लहान गटाची आठवण जास्त घसरली. त्याहून लहानांवर असा प्रयोग करणं योग्य नाही, म्हणून तर रॅट लागतात. दारूच्या नशेत इस्पितळात आणलेल्या किशोरवयीन मुलामुलींच्या रक्तात अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन वाढलेलं सापडलं आहे. प्रौढांना प्रयोगशाळेत बेताची दारू दिली तेव्हा तशी वाढ दिसली नाही. यात वय, डोस आणि इस्पितळात पोहोचण्याचा ताण, तिन्ही मिसळलेलं आहे, हे तुम्हीच आधी सांगा, परीक्षकांनी विचारण्याची वाट बघू नका.

अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन पुढे औषध म्हणूनही आलं : ब्रेक्सानोलोन या नावानं अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी मंजूर झालं, ६० तास शिरेतून, आणि गुंगीचा कडक इशारा देऊन. हे विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर राहू द्या.

आणि दुरुस्त केलेला आराखडा इथे टाका. प्रोबचे दोन भाग केल्यावर गटांची संख्या बदलेल, प्राण्यांचा आकडा नव्यानं काढावा लागेल. तो आकडा समितीकडे जाण्याआधी मांडवीताईंनी एकदा बघितला तर बरं, पैदाशीच्या विणी तेवढ्या पुरतील की नाही ते त्यांनाच कळेल.